खट्वा, खाट आणि कॉट : तंबूतील शय्येचा इतिहास

छावणीच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘फोल्डिंग कॉट’ मागणाऱ्या मराठी माणसास आपण ‘खाट’ हाच शब्द लांबच्या वळणाने उच्चारीत आहोत, याची जाणीव बहुधा नसते. कॉट ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आणि तिचे नावही इंग्रजी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच चुकीची नव्हे, परंतु अपुरी आहे. हा शब्द हिंदुस्थानातून निघाला, जहाजावर चढला, परदेशी सैन्याच्या सामानात शिरला आणि दोन-तीन शतकांनी परका होऊन घरी परतला. शब्द फिरत असता वस्तूही बदलत गेली. तंबूत सुखाने झोप लागेल अशी खाट निवडावयाची झाल्यास, ती बदलताना काय मिळाले आणि काय हरवले हे जाणून घेणे उपयोगाचे ठरते.

तंबूतील खाटेकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. तिने निजणाऱ्यास जमिनीपासून पुरेसे उंच उचलावे, तिचा पृष्ठभाग ताठ असूनही अंगाला रुतू नये, आणि मुक्काम हलताच ती मोडून वा गुंडाळून नेता यावी. दुर्दैवाने या अपेक्षा एकमेकींना छेद देतात. उंची वाढविली की वजन वाढते, ताण वाढविला की चौकट जड करावी लागते, आणि घडीची सोय केली की सांधे ढिले पडण्याची भीती उत्पन्न होते. कोणत्या काळी कोणत्या अपेक्षेस झुकते माप मिळाले, याचा माग वस्तूंइतकाच शब्दांतूनही घेता येतो.

संस्कृतातील ‘खट्वा’ हा शब्द पाणिनीस चांगला परिचित होता. त्याच्या अष्टाध्यायीतील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक संपूर्ण सूत्र या शब्दासाठी खर्ची पडले आहे. निंदा व्यक्त करावयाची असता ‘खट्वा’ शब्दाचा विशिष्ट प्रकारे समास होतो, एवढाच त्या सूत्राचा विषय असून ‘खट्वारूढ’ हे त्याचे नित्याचे उदाहरण होय. शब्दशः अर्थ ‘खाटेवर चढलेला’. व्यवहारात मात्र ती शिवी होती. पतंजलीने महाभाष्यात तिचा उलगडा केला आहे. अध्ययन पूर्ण करून, स्नान करून आणि गुरूंची अनुज्ञा घेऊन मगच खाटेवर चढावयाचे. जो त्यापूर्वीच चढला तो खट्वारूढ. ब्रह्मचाऱ्याने भूमीवर निजावे आणि गृहस्थाने खाटेवर, असा हा संकेत आहे. जमिनीपासून वर उचलले जाणे ही केवळ सोय नसून ती एक पदवी होती, हे यावरून ध्यानी येते. ‘खट्वांग’ हे शिवाच्या हातातील आयुधही मूळ अर्थाने खाटेचा अवयव, म्हणजे तिचा पाय होय.

खट्वा शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि त्याचे मूळ द्राविडी भाषांत शोधणारा पक्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. तमिळ व मलयाळम् या भाषांत खाटेस ‘कट्टिल’ म्हणतात आणि ‘कट्टु’ या धातूचा अर्थ बांधणे असा आहे. हा संबंध ग्राह्य धरल्यास खाट म्हणजे मूलतः ‘बांधलेली वस्तू’ ठरते. लाकडी चौकटीला दोरी आवळून सिद्ध होणाऱ्या शय्येचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते असणार? व्युत्पत्ती वादग्रस्त राहिली तरी वस्तूविषयीचे हे निरीक्षण खरेच आहे, आणि पुढील विवेचनात त्याचे काम पडणार आहे.

मराठीतील माचा, माची आणि मंचक ही नावे मात्र दुसऱ्या शब्दाची, ‘मञ्च’ या शब्दाची संतती होय. या मञ्चाविषयी बौद्ध विनयग्रंथांत जो बारीक विचार आढळतो तो आजच्या खाट विकणाऱ्यासही वाचण्यासारखा आहे. भिक्षूने नवा मञ्च करविला तर त्याचे पाय सुगताच्या अंगुलीने आठ अंगुलांहून उंच नसावेत, आणि असतील तर ते तोडावेत, असा पाचित्तियांतील ८७वा नियम आहे. अंगुलाचे माप किती धरावयाचे हा वाद बाजूस ठेवला तरी उंची बेताची ठेवण्यामागील हेतू स्पष्ट आहे. १४व्या नियमानुसार, संघाचा मञ्च उघड्यावर मांडून तो परत न ठेवता निघून जाणे हा दोष मानला आहे. परंतु या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा नियम १८वा होय. त्यात ‘आहच्चपादक’ मञ्चाचा उल्लेख येतो. आहच्चपादक म्हणजे ज्याचे पाय चौकटीत नुसते बसविलेले असून काढता येतात असा मञ्च. विहारातील वरच्या माळ्यावर अशा मञ्चावर बसण्यास वा निजण्यास भिक्षूस मनाई आहे. कारणही तेथेच दिले आहे : वरचा भिक्षू मञ्चावर धपकन् बसला, पाय निखळून खाली पडला आणि खालच्या भिक्षूच्या डोक्यावर आदळला. सुटे पाय असलेल्या शय्येचा मुख्य धोका दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी असा नोंदला गेला आहे. विनयग्रंथांत मञ्चाचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘कुळीरपादक’, म्हणजे खेकड्यासारख्या पायांचा, असाही एक आहे. त्यावरून घडीच्या खाटेची कल्पना करण्याचा मोह होतो. पण नावापलीकडे पुरावा नसल्याने तो आवरलेला बरा.

घडीच्या शय्येचा निःसंशय प्राचीन पुरावा हिंदुस्थानात नव्हे, तर मिसर देशात सापडतो. हॉवर्ड कार्टर याने १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात तीन घड्यांचा, बिजागऱ्या लावलेला, पांढऱ्या रंगाचा एक लाकडी पलंग मिळाला. तो ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील आहे. हिंदुस्थानातील सुतारांनी मात्र बिजागरीचा मार्ग न धरता सांधे सोडवून चौकट सुटी करण्याचा मार्ग धरला, असे पुढील काळातील नोंदींवरून दिसते.

या नोंदींपैकी अत्यंत बोलकी नोंद फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निये याची आहे. १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून काश्मीरच्या वाटेला लागला, तेव्हा आपला आश्रयदाता दानिशमंद खान याच्यासमवेत बर्नियेही निघाला. प्रवास किती महिन्यांचा होईल हे ठाऊक नसताना आपण बरोबर काय घेतले, हे त्याने पत्रात नमूद केले आहे. बेताचा मोठा तंबू, एक गालिचा, बळकट पण हलक्या वेताच्या चार काठ्यांची सहज नेता येणारी शय्या, एक उशी आणि दोन पांघरुणे. त्यांतील एक पांघरूण चार घड्या घालून गादीसारखे खाली घालावयाचे. यादी पुढे भांड्यांकडे व शिध्याकडे वळते, पण शय्येची निवड करणाऱ्यास येथपर्यंतचा भाग पुरेसा आहे.

त्याच्याभोवती जे चालले होते त्याच्याशी ही यादी ताडून पाहावी. बादशहाचे तंबू दोन संचांचे असत. एका संचात बादशहाचा मुक्काम असताना दुसरा पुढच्या ठिकाणी उभारला जाई, आणि या पुढे जाणाऱ्या संचास ‘पेशखाना’ म्हणत. बर्नियेच्या सांगण्याप्रमाणे अशा एका पेशखान्याच्या वाहतुकीस साठ हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. ज्याच्यासाठी दोनशे उंट राबतात त्याने खाटेच्या वजनाची चिंता करण्याचे कारण नाही. ती चिंता बर्नियेसारख्या मधल्या माणसाची असते. तो जमिनीवर निजावयास तयार नाही आणि पलंग नेण्याची त्याची ऐपत नाही. तंबूतील खाटेचा खरा इतिहास हा या मधल्या माणसाचा इतिहास आहे. राजांच्या मंचकांचा नव्हे.

बर्नियेच्या यादीतील चार घड्यांचे पांघरूण वरवर क्षुल्लक वाटते. वस्तुतः ते त्याच्या शहाणपणाचे गमक होय. खाट जमिनीपासून उंच असली म्हणजे तिच्याखालून वारा खेळतो. उन्हाळ्यात हाच तिचा गुण, आणि थंडीत हाच अवगुण. अंगाखालचे वस्त्र शरीराच्या भाराने दबते, त्यातील हवा निघून जाते आणि पाठीला गारवा लागतो. मग अंगावर कितीही पांघरा, उपयोग होत नाही. महाराष्ट्रातील घरोघरच्या बायकांना हे तत्त्व उलट बाजूने ठाऊक होते. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची रीत विणलेल्या बाजेमुळेच शक्य झाली. जी वीण खालची ऊब वर येऊ देते, तीच खालचा गारवाही येऊ देते. म्हणून थंड प्रदेशात तंबू ठोकणाऱ्याने खाट निवडतानाच तिच्यावर घालावयाच्या जाड आसनाचा विचार करावा. हल्ली त्यासाठी बंद पेशींच्या फेसाची घडीची चटई मिळते. बर्निये पांघरुणावर भागवीत असे.

तंबूच्या नावांकडे वळल्यास उंचीच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. मराठीत तंबू, डेरा, राहुटी, पाल अशी निरनिराळी नावे आहेत आणि ती एकाच वस्तूची नव्हेत. पाल म्हणजे दोन काठ्यांवर टाकलेले, दोहों बाजूंस उतरते होत जमिनीला भिडणारे कापड. त्यास उभी भिंत नसते. राहुटीही लहानच. हे दोन्ही शब्द हिंदुस्थानी रूपाने इंग्रजांच्या छावणीतील बोलीत शिरले आणि यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंदले गेले. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत रेसिडेंटच्या रक्षकदलाचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ब्रॉटनने लिहिलेल्या पत्रांत बिनीवाला पुढे जाऊन लहानसे पांढरे निशाण रोवतो आणि त्यावरून महाराजांच्या डेऱ्यांची जागा ठरते, असे वर्णन आहे. डेऱ्यात खाट कोठेही मांडता येते. पालात तसे नसते. उतरत्या कापडाखाली हात-दीड हात उंचीची खाट मांडली की निजणाऱ्याचा खांदा कापडाला टेकतो, आणि पावसाने भिजलेल्या सुती कापडाला आतून स्पर्श झाला की तेथूनच पाणी पाझरू लागते. सबब, आधी तंबूचा आकार पाहावा आणि मग खाटेची उंची ठरवावी. उभ्या भिंतींच्या तंबूत चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीची खाट सुखाची. तिच्या कडेवर बसून पायांत जोडे चढविता येतात आणि खाली सामान राहते. उतरत्या तंबूत मात्र जमिनीपासून वीतभर उंच अशी खाटच योग्य. विनयातील आठ अंगुलांचा नियम वैराग्यासाठी असला तरी लहान निवाऱ्यात तो सोयीचाही ठरतो.

आता शब्दाच्या परदेशगमनाकडे यावे. इंग्रजीत ‘कॉट’ हा शब्द शय्या या अर्थी सतराव्या शतकात अवतरतो. सर टॉमस हर्बर्टच्या १६३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात, बऱ्या स्थितीतील लोक दोन फूट उंचीच्या, चटईने वा पट्ट्यांनी विणलेल्या कॉटांवर निजतात, असा उल्लेख आहे. पट्ट्यांची वीण म्हणजे आपली नवारच. नवार हा शब्दही फारसीतून आलेला आहे. इंग्रजीत झोपडी या अर्थाचा ‘कॉट’ हा एक जुना देशी शब्द आधीपासून होता, पण त्याचा खाटेशी काडीचाही संबंध नाही. उच्चार एक झाले म्हणून शब्द एक होत नाहीत. मात्र कानाला ओळखीचे वाटल्याने परका शब्द लवकर रुळतो, आणि येथेही तसे घडले असावे.

पुढे या शब्दाचा अर्थ कसा सरकला ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातून खाटेची दोन नावे उचलली : एक कॉट आणि दुसरे ‘चारपॉय’, म्हणजे चारपाई. एकाच वस्तूची दोन नावे भाषेत फार काळ समान अर्थाने नांदत नाहीत; त्यांत वाटणी होते. दोरीने विणलेली, अंगणात पडलेली देशी खाट चारपॉयच्या वाट्यास गेली. कॉटच्या वाट्यास हलकेपणा आला. फाल्कनरच्या १७६९ च्या नौकाविषयक कोशात कॉट म्हणजे जहाजाच्या तुळयांस टांगलेली, अधिकाऱ्यांनी निजावयाची चौकट असा अर्थ दिला आहे. पाय गेले, दोरीची वीण गेली. उरली ती केवळ चौकट आणि तिच्यावर ताणलेले जाड कापड. या अवस्थेतून इंग्लंडात कॉट म्हणजे तान्ह्या मुलाचा कठडे असलेला पलंग झाला, तर अमेरिकेत घडीची, कापडी, मुक्कामावरची शय्या हा अर्थ रूढ झाला. छावणीच्या खाटेचे आजचे नाव या अमेरिकन शाखेचे आहे.

लोखंडी घडीच्या शय्यांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. नेपोलियनने मोहिमांत देसूश नावाच्या कारागिराने बनविलेल्या लोखंडी घडीच्या पलंगांचा उपयोग केला आणि १८२१ च्या ५ मे रोजी सेंट हेलेना बेटावर त्याचा अंत झाला तोही अशाच पलंगावर. १८०३ मध्ये असई व आडगाव येथे मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावरही छावणीच्या अरुंद पलंगावरच निजत असे, आणि वॉल्मर किल्ल्यातील त्याच्या खोलीत तो पलंग दाखविला जातो. एवढा अरुंद पलंग का, असे कोणी विचारता, कूस बदलावीशी वाटली म्हणजे उठण्याची वेळ झाली, असे त्याने सांगितल्याची कथा आहे. ती खरी असो वा नसो, छावणीच्या खाटेच्या रुंदीविषयी तिचे अनुकरण कोणी करू नये. प्रौढ माणसास साठ सेंटीमीटरांहून कमी रुंदी पुरत नाही, कारण ताणलेल्या कापडाच्या कडा उंचावलेल्या असल्याने उपयोगी रुंदी मोजलेल्या रुंदीपेक्षा नेहमीच कमी भरते.

हे कापड ताणण्याचे गणितच कॉटचे मर्म होय, आणि खाटेची व कॉटची ताटातूट येथेच झाली. दोन दांड्यांमध्ये ताणलेल्या कापडावर भार पडला म्हणजे त्यास झोळ येतो. झोळ जितका कमी, तितका कापडातील आडवा ताण अधिक. झोळ निम्मा करावयाचा तर ताण जवळजवळ दुप्पट होतो. हा ताण बाजूच्या दांड्यांना आत ओढतो. म्हणून झोळ पडू नये असे म्हणणाऱ्यास बळकट दांड्या घ्याव्या लागतात आणि वजन सोसावे लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जी घडीची लाकडी कॉट जगभर नेली, तिला फुलीच्या आकाराच्या पायांच्या तीन जोड्या होत्या. हे तीन आधार दांड्यांना ठिकठिकाणी पेलून धरीत. उशाकडील आणि पायथ्याकडील आडव्या पट्ट्या बसविण्यासाठी मात्र अंगचे सारे बळ लावावे लागे. ज्या कॉटची शेवटची पट्टी सहज बसते तिचे कापड सैल आहे असे खुशाल समजावे.

विणलेल्या खाटेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. तिची वीण पायथ्याच्या दांडीपर्यंत नेत नाहीत; अलीकडेच थांबवून उरलेल्या जागेत एक वेगळी दोरी ओवतात. वीण सैल पडली की ती दोरी ओढून घ्यावयाची, की खाट पुन्हा ताठ. ताण निजणाऱ्याच्या हातात असतो. कडक हवा असेल त्याने आवळावा, मऊ हवा असेल त्याने सोडावा. कापडी कॉटमध्ये ही सोय नाहीशी झाली. कापड शिवणाऱ्याने जो ताण ठरविला तो कायमचा. पुढे कापड भाराने लांबले म्हणजे झोळ वाढत जातो आणि कमरेखाली पोकळी उत्पन्न होते. हलकेपणा आणि घडी यांच्या मोबदल्यात जे द्यावे लागले ते हे. आजच्या ॲल्युमिनियमच्या काही कॉटांत दोरीची बांधणी वा खटक्याचे ताणक देऊन कापड पुन्हा ओढून घेण्याची व्यवस्था केलेली असते. तिला नवा शोध म्हणण्याचे कारण नाही. तो कट्टिलाचाच धर्म आहे. खाट घेणाऱ्याने रंग व खिसे पाहण्यापूर्वी ही व्यवस्था आहे किंवा नाही ते पाहावे. कापड नायलॉनचे असल्यास दमट हवेत ते सैलावते, पॉलिएस्टरचे तितके सैलावत नाही. कोकणात वा पावसाळ्यात तंबू टाकणाऱ्यास हा फरक एका रात्रीतच कळतो. पायांची टोके थेट जमिनीत रुतणारी नसावीत. ती आडव्या दांडीवर टेकलेली असली म्हणजे तंबूचे तळकापड फाटत नाही. आणि सांधा पारखावयाचा तो उभ्याने दाबून नव्हे, तर कडेवर धपकन् बसून. विहारातील त्या भिक्षूने नेमके हेच केले होते, फक्त चुकीच्या जागी.

असा फेरफटका करून शब्द मराठीत परतला तेव्हा त्याने येथील व्याकरणाचा नियम पाळला. इंग्रजीत निर्जीव वस्तूच्या नामाला व्याकरणिक लिंग नसते. मराठीत मात्र कॉट स्त्रीलिंगी झाली. पलंग व माचा पुल्लिंगी असताना तिने खाट आणि बाज यांचे लिंग घेतले, म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनाने तिचे गोत्र बिनचूक ओळखले. वाक्प्रचारांत तिला अद्याप प्रवेश नाही; आजारी माणूस खाटेला खिळतो, कॉटला नव्हे. लोकांच्या बोलण्यात रुग्णालयातील लोखंडी पलंग कॉटच असतो आणि चौकशी होते ती ‘कॉट नंबर’ची. परंतु तेच रुग्णालय सरकारी पत्रकात किंवा वृत्तपत्रात आले की ‘शंभर खाटांचे’ होते, आणि त्या शंभरांपैकी एकीलाही दोरी नसते.